नव्या व्हर्जनमध्ये काय गेलं ते आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये तुम्ही काही वर्षं काम करताय. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देता. सर्व्हर उबुंटू १८.०४ या लिनक्सवर, त्यावर पीएचपी ७.४ ही भाषा आणि पोस्टग्रेस १२ हा डेटाबेस. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वजनकाट्याचं वजन उचलणारी पायथनची स्क्रिप्ट विंडोज ७ च्या पीसीवर चालते. दुसरीकडे दर आठवड्याला नवं टूल, नवं रिलीज. पुण्यातले बॅचमेट जी नावं घेतात त्यातली निम्मी तुम्ही वापरलेली नाहीत. तर काय शिकायचं, काय अपग्रेड करायचं, कधी करायचं, आणि आपण मागे पडतोय का?

टूलच्या नावांचं टेन्शन घेऊ नका, तिथे तुम्ही फारसे मागे नाही. मागे आहात ते तारखांच्या बाबतीत. वर जी चार नावं सांगितलीत, त्या चारही गोष्टींचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, संपून गेलाय. बॅचमेटच्या स्टॅकपेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

एक साधी शीट करा. आपण जे जे वापरतो त्या प्रत्येकासमोर सपोर्ट संपायची तारीख लिहा. पीएचपी ७.४ नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलं. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पाच वर्षं मिळतात, त्या हिशोबानं १२ नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलं आणि १३ नोव्हेंबर २०२५ मध्ये. पायथनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं आणि पाच वर्षं जगतं. ३.८ ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं, ३.९ त्याच्या पुढच्या ऑक्टोबरला. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आतापर्यंत सम क्रमांकाची व्हर्जन एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची, होत आली आहेत. २० ची मुदत एप्रिल २०२६, २२ ची एप्रिल २०२७. जावावाल्यांनी २१ किंवा २५ धरावं, डॉटनेटवाल्यांनी ८ किंवा १०, आणि डॉटनेट ८ नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतं हेही लिहून ठेवावं. ही शीट मालकाला दाखवायची असते. 'नवीन व्हर्जन आलंय म्हणून अपग्रेड करूया' असं म्हटलं तर कुठलाही कारखानदार पैसे देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. 'या तारखेनंतर यात भोक सापडलं तर बुजवणारा कोणी नाही' हे मात्र त्याला लगेच कळतं.

आता रिलीज नोट्स वाचायच्या कशा. माझी पद्धत वर्षानुवर्षं एकच आहे: नवीन काय आलं तो भाग सोडून थेट खाली जायचं, जिथे 'काढून टाकलं', 'वागणं बदललं', 'पुढच्या व्हर्जनमध्ये काढणार' असं लिहिलेलं असतं. नवीन फीचर वापरलं नाही तर काही बिघडत नाही. काढून टाकलेली गोष्ट आपण वापरत असू तर सकाळी फोन येतो.

तुमच्या वजनकाट्याचंच उदाहरण घ्या. काटा नेटवर्कवर आणणाऱ्या डब्याशी बोलायला पायथनमध्ये टेलनेटलिब वापरण्याची पद्धत फार जुनी आहे, कारण ती लायब्ररी पायथनबरोबरच यायची, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नसे. पायथन ३.१३ हे ७ ऑक्टोबर २०२४ ला आलं. बातम्यांमध्ये होतं ते नवीन रंगीत आरईपीएल (ओळीओळीनं कोड चालवून बघायची खिडकी), प्रायोगिक जेआयटी (चालता चालता कोडचं मशीनकोड करणं) आणि जीआयएलशिवाय, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या कुलपाशिवाय, चालणारं बिल्ड. पण त्याच रिलीजमध्ये स्टँडर्ड लायब्ररीतली १९ जुनी मॉड्यूल्स काढली गेली. टेलनेटलिब त्यातलं एक, सीजीआय दुसरं, क्रिप्ट तिसरं. अचानक नव्हे हं, ३.११ पासून तशी वॉर्निंग येत होती. पण कारखान्यातल्या पीसीवर टास्क शेड्यूलरमधून चालणाऱ्या स्क्रिप्टची वॉर्निंग बघतो कोण? म्हणून ३.१३ वर जाण्याआधी ऑफिसातल्या पीसीवर ३.११ किंवा ३.१२ घेऊन, सगळ्या वॉर्निंग चालू करून स्क्रिप्ट एकदा हातानं चालवा. जे पिवळं दिसेल ते पुढे लाल होणार आहे. टेलनेटलिबच्या जागी साधं सॉकेट (नेटवर्कवरचं थेट कनेक्शन) वापरून काट्याची एक ओळ वाचणं हे तासाभराचं काम आहे, आणि ते तुमच्या वेळेनुसार करता आलं पाहिजे.

पण त्या पीसीची खरी अडचण वेगळी आहे. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. त्याच्यापुढचं ३.९ विंडोज ८.१ मागतं आणि ३.१३ तर विंडोज १०. तिथे ब्राउझरही क्रोम १०९ वर थांबलाय, कारण विंडोज ७ साठीचं ते शेवटचं क्रोम. याचा अर्थ तुम्ही बिलाच्या स्क्रीनला पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधलं नेस्टिंग (नियमाच्या आत नियम) वापरलंत, जे क्रोममध्ये ११२ पासून आलं, तर ऑफिसात सगळं झकास दिसेल आणि गेटजवळच्या त्या पीसीवर फॉर्म विस्कटलेला दिसेल. कुठलंही नवं टूल बघताना माझ्या डोळ्यासमोर आधी गिऱ्हाइकाकडचं सगळ्यात जुनं मशीन येतं. आमच्या गावात ते मशीन अजून बरीच वर्षं सापडणार आहे, कारण लूम चालू आहे तोवर पीसीवर खर्च करायला कोणी तयार नसतो. त्या मशीनवर स्क्रिप्ट ठेवूच नका. काट्याचा डबा नेटवर्कवर असेल तर वजन उचलायचं काम सर्व्हरवर न्या.

पीएचपीकडे वळते, कारण तुमचा सगळ्यात नाजूक भाग तोच आहे. ७.४ वरून ८ वर जाताना एक बदल असा आहे की त्यात एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, कोड तसाच चालतो आणि उत्तर बदलतं. ७ मध्ये शून्य हा आकडा आणि 'टॉवेल' हा शब्द दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिले तर उत्तर 'समान' येत होतं. कारण पीएचपी शब्दाचा आकडा करायला जायचं, आकडा सापडायचा नाही, मग शून्य धरायचं, आणि शून्य बरोबर शून्य. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० पासून उलटं झालं: आकड्याचा शब्द करून ताडतात, त्यामुळे उत्तर 'असमान'. नवा नियमच बरोबर आहे, यात मला शंका नाही.

पण आपल्या कोडमध्ये काय असतं बघा. मालाच्या कोडवर स्विच, म्हणजे कोड बघून वेगवेगळ्या 'केस'कडे पाठवणारी रचना, लिहिलेला असतो, पहिली केस टॉवेल, दुसरी चादर, तिसरी नॅपकिन. स्विच हीच सैल तुलना वापरतो. बारकोड नीट वाचला गेला नाही, मधल्या कुठल्यातरी ओळीत त्याचा पूर्णांक केला गेला आणि कोड शून्य झाला, तर ७ मध्ये तो माल गुपचूप पहिल्या केसमध्ये जाऊन टॉवेल म्हणून बिलात लागतो. ८ मध्ये तोच माल डिफॉल्टमध्ये, म्हणजे कुठलीच केस जुळली नाही तर चालणाऱ्या भागात, जातो. डिफॉल्ट लिहिलेलाच नसेल तर बिलातून ती ओळच गायब. मग गिऱ्हाईक म्हणतं, 'अपग्रेड केल्यापासून बिलं चुकतायत', आणि खरं तर ती आधीपासून चुकत होती, फक्त दिसत नव्हती. म्हणून ८ वर जाण्याआधी स्विच, इन-अरे (यादीत आहे का ते बघणारं फंक्शन) आणि दोन बरोबरवाल्या तुलना कोडमध्ये शोधून काढा, आणि जिथे मालाचा कोड, एचएसएन (जीएसटीतला मालाचा क्रमांक) किंवा पार्टीचा नंबर येतो तिथे तीन बरोबरवाली काटेकोर तुलना करा. सगळ्या कोडबेसवर आंधळेपणानं बदलू नका, त्यातून नवीन घोळ होतात. गेल्या महिन्याची खरी बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही पीएचपीवर चालवून बेरजा ताडून बघणं ही यावरची सगळ्यात भरवशाची परीक्षा. युनिट टेस्ट नसतील तरी जुनी बिलं प्रत्येकाकडे असतात.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो मुद्दा, कारण मराठीत डेटा ठेवणाऱ्यांना तो थेट लागू होतो आणि कुठल्याच रिलीजच्या ठळक बातम्यांत तो नसतो. पोस्टग्रेसमध्ये नावांचा क्रम कोण ठरवतं? तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिममधली जीलिबसी ही लायब्ररी ठरवते. पोस्टग्रेस त्या क्रमानं इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) रचतं आणि पुढे शोधताना तोच क्रम आहे असं धरून चालतं. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आलं आणि त्यात क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१. म्हणजे तुम्ही सर्व्हर १८.०४ वरून पुढे नेला आणि डेटाच्या फायली तशाच उचलून ठेवल्या, तर पोस्टग्रेसचं व्हर्जन एका आकड्यानंही न बदलता इंडेक्स खोटा पडू शकतो.

खोटा पडतो म्हणजे काय होतं? पार्टीचं नाव टाइप केलं तर 'सापडलं नाही' असं येतं. लेजर उघडून खाली स्क्रोल केलं तर नाव तिथेच बसलेलं असतं. हिशोबनीस मग त्याच पार्टीचं नवीन खातं उघडतो, आणि एकच नाव दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्स त्याला अडवत नाही, कारण त्या इंडेक्सलाही ते नाव सापडत नाही. झालं, एका पार्टीची दोन खाती, बाकी निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तयार इमेजमधून सॉफ्टवेअर चालवणारं डॉकर वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. इमेजचा टॅग जुन्या डेबियन लिनक्सवरून नव्यावर गेला, किंवा डेबियनवरून अल्पाइनवर, की खालची लायब्ररी बदलते.

उपाय अवघड नाही, माहीत असायला हवा इतकंच. तुमचा डेटाबेस काही जीबींचाच असणार. फायली उचलून नेऊ नका. पीजी-डंप (सगळा डेटा एका फाइलीत काढून ठेवणं) घ्या आणि नव्या मशीनवर रिस्टोअर करा. त्यात सगळे इंडेक्स नव्यानं रचले जातात. दुबार खाती आधीच तयार झाली असतील तर रिस्टोअर युनिक इंडेक्सवर अडेल, आणि अडलेलं चांगलं, निदान कळतं तरी. फायली आधीच नेलेल्या असतील तर पोस्टग्रेसच्या एएमचेक एक्स्टेन्शननं इंडेक्स तपासा आणि री-इंडेक्स करा. पोस्टग्रेस १८ हे २५ सप्टेंबर २०२५ ला आलं, त्यात नवीन क्लस्टरला (पोस्टग्रेसच्या एका सर्व्हरचा सगळा डेटा) डेटा चेकसम, म्हणजे डेटा बिघडला तर पकडणारे आकडे, आपोआप चालू असतात. जुना क्लस्टर चेकसमशिवायचा असेल तर फायली तशाच नव्या व्हर्जनवर नेणारं पीजी-अपग्रेड तिथेही अडतं. डंप-रिस्टोअरवाल्यांना या दोन्ही गोष्टींचा त्रास नाही, म्हणून छोट्या डेटाबेसला मी तोच रस्ता सांगते.

पोस्टग्रेस १७ पासून आतलाच एक कोलेशन (अक्षरांचा क्रम) प्रोव्हायडर मिळतो, जो ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नाही आणि अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानुसार लावतो. इंडेक्ससाठी हा फार कामाचा. पण पार्टी लिस्ट छापताना मात्र तो क्रम आपला नव्हे. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. त्यामुळे त्या क्रमानं यादीत काळे आधी येतात, मग कावळे, मग कासार. वर्णमालेप्रमाणे कावळे, कासार आणि शेवटी काळे. जुन्या दिवाणजीला हा फरक पहिल्या पानावर दिसतो. म्हणून इंडेक्स स्थिर कोलेशनवर ठेवा आणि फक्त रिपोर्टच्या क्वेरीत आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन लावून ही तीन नावं टाकून बघा.

मराठीचाच आणखी एक मुद्दा, छोटा. चादरीच्या लेबलवर नाव बसवायला आपण अक्षरं मोजून कापतो. 'लक्ष्मी' या शब्दाची लांबी पायथन ७ सांगतं, कारण ते कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं, मोजतं. अक्षरगट मोजणारी लायब्ररी वापरली तर जुन्या नियमानं ४ येतात आणि नव्यानं २, ल आणि क्ष्मी. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीतलं जोडाक्षर एकच गट धरायचा नियम आला. ब्राउझरमध्ये आता अक्षरगट वेगळे करणारा इंटल सेगमेंटर सगळीकडे आहे, तो वापरा. पण सर्व्हरवरची लायब्ररी आणि ब्राउझर वेगवेगळ्या युनिकोडवर असतील तर स्क्रीनवर एक नाव दिसेल आणि लेबलवर दुसरं, हे ध्यानात ठेवून एकाच ठिकाणी कापा.

कधी अपग्रेड करायचं? दोन वेगळे वेग ठेवा. नवं मोठं व्हर्जन आलं की घाई नको. पहिलं-दुसरं दुरुस्तीचं रिलीज येऊ द्या. थांबण्याचा फायदा नुसता बग टाळण्यापुरता नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायची चोरवाट, बसवलेलं आहे. ते स्वतः पोस्टग्रेसवर काम करणारे. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, इतक्याशा गोष्टीवरून त्यांनी ते खणून काढलं. डेबियनच्या चाचणीच्या टेस्टिंग आवृत्तीत ते पोहोचलं होतं, रोजच्या वापराच्या स्टेबलमध्ये नाही. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या साठ्यावरच्या चॉक आणि डीबगसारख्या अगदी रोजच्या पॅकेजेसमध्ये चोरी करणारा कोड घुसवला गेला, कारण देखभाल करणाऱ्याला खोट्या मेलनं फसवून त्याचं खातं घेतलं. काही तासांत ती व्हर्जन काढली गेली. त्या काही तासांत ज्यांनी इन्स्टॉल केलं त्यांनाच ते लागलं. त्याच महिन्यात पीएनपीएम या पॅकेज आणणाऱ्या टूलनं अशी सेटिंग आणली की पॅकेज प्रकाशित होऊन ठरावीक वेळ गेल्याशिवाय ते घ्यायचंच नाही. पायथनसाठीच्या यूव्हीमध्ये (त्याबद्दल पुढे सांगते) ठरावीक तारखेनंतरची पॅकेजेस वगळायची सोय आहे. ही सोय आजच चालू करा, लॉकफाइल (कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन याची यादी) कोडसोबत गिटमध्ये ठेवा, आणि सर्व्हरवर कधीही 'लेटेस्ट' लिहू नका.

दुसरा वेग सुरक्षेच्या पॅचचा, तिथे थांबायचं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीचं भोक उघड झालं तेव्हा एका महिन्याच्या आत २.१५, २.१६, २.१७ अशी दुरुस्त्यांवर दुरुस्ती आली. ज्यांचा डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) एका कमांडचा होता त्यांनी ती प्रत्येक वेळी लावली. ज्यांचा डिप्लॉय म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन चिंचोळी एमआयडीसीला जाणं होतं ते पहिल्याच दुरुस्तीनंतर थकले. तुमच्याकडे शिकण्यासाठी एखादाच महिना असेल तर तो नव्या फ्रेमवर्कवर घालवू नका, डिप्लॉय आणि रोलबॅक (जुन्या कोडवर परत येणं) एकेका कमांडवर आणण्यात घाला.

महिन्यातली तारीखही बघा. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० ला ३बी (कर भरायचं विवरण), या शेवटच्या तारखा. एक ते वीस या काळात बिलिंगच्या सर्व्हरला हात लावू नका. एकवीस ते पंचवीस हा आपला मोकळा काळ.

जीएसटीचं निघालंच आहे तर सांगते, आपल्या धंद्यातलं २०२५ चं सगळ्यात मोठं रिलीज कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीचं नव्हतं. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, नवे दर लागू झाले. टॉवेल-चादरीसारख्या तयार मालाला आधी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ होते. आता २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. म्हणजे १८०० ची चादर १२ वरून ५ वर आली आणि २६०० ची १२ वरून १८ वर गेली. ज्यांच्या कोडमध्ये १००० आणि १२ हे आकडे जागोजागी लिहिलेले होते त्यांचे हाल झाले. त्याहून जास्त हाल, ज्यांनी ते आकडे सरळ खोडून नवे लिहिले त्यांचे. कारण ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट १२ नंच करायची असते. दर, मर्यादा आणि 'या तारखेपासून' असे तीन खाने असलेलं टेबल असेल तर हा बदल दोन ओळींचा. कुठलीही भाषा किंवा फ्रेमवर्क निवडताना मी हेच विचारते, की उद्या दर बदलला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांकडे तो पोहोचवता येईल का?

मग नव्यातलं घ्यायचं काय? पायथनसाठी यूव्ही नक्की घ्या. ॲस्ट्रल कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं, रस्ट भाषेत लिहिलेलं. पायथन इन्स्टॉल करणं, वेगळं एन्व्हायर्न्मेंट बनवणं, पॅकेजेस आणणं, लॉकफाइल ठेवणं, चारही कामं एकच टूल करतं आणि पायथनच्या नेहमीच्या पिपपेक्षा खूप वेगानं. कारखान्यात नेट रडत असेल तेव्हा कॅशमधून ऑफलाइन इन्स्टॉल होतं, ते मला वेगापेक्षा मोलाचं वाटतं. एकाच कंपनीवर अवलंबून राहण्याची धास्ती आहे, पण प्रोजेक्टचं वर्णन पायप्रोजेक्ट-टोमल या फाइलीच्या सामायिक पद्धतीनंच लिहिलेलं असतं, त्यामुळे बाहेर पडायची वाट मोकळी आहे. जिथे ती वाट दिसत नाही ते टूल कितीही चांगलं असलं तरी मी गिऱ्हाइकाच्या कामात घेत नाही.

पायथनमधलं जीआयएलशिवायचं बिल्ड ३.१४ मध्ये प्रायोगिक राहिलेलं नाही, अधिकृत झालंय, तरी ऐच्छिकच आहे, आणि एका थ्रेडच्या कामाला थोडं हळूच पडतं. आपलं बिलिंग डेटाबेसची आणि प्रिंटरची वाट बघत बसतं, प्रोसेसरची नाही. ते आपल्यासाठी नव्हे. टाइपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर गो भाषेत नव्यानं लिहितोय असं अँडर्स हाइल्सबर्ग यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. व्हीएस कोड या एडिटरचा पंधरा लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागत होते ते ७.५ वर आल्याचं त्यांनी दाखवलं. काम अफलातून आहे. पण आपल्या प्रोजेक्टचे चार सेकंद वाचतील. त्यासाठी आत्ता काही करायची गरज नाही, ते आपसूक मिळेल.

एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसकडे मात्र लोक उगाच कमीपणानं बघतात. २०५० पर्यंत सपोर्ट द्यायचा इरादा तिच्या निर्मात्यांनी जाहीर केलाय. दुसरं कुठलं टूल असं म्हणतं? एका पीसीवरच्या गेट-पाससारख्या कामाला ती पुरेशी आहे. फक्त टेबल स्ट्रिक्ट करा, ही सोय नोव्हेंबर २०२१ च्या ३.३७ पासून आहे. नाहीतर काय होतं, गेटवरच्या माणसानं मराठी कीबोर्डवर नगाच्या खान्यात १२ देवनागरीत टाइप केलं, की पूर्णांकाच्या कॉलममध्ये ते शब्द म्हणून जाऊन बसतं आणि बेरजेत शून्य धरलं जातं. पायथनचं इंट हेच देवनागरी १२ बिनबोभाट आकडा म्हणून घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर घेत नाही. तीन टूल्स, तीन वागणुकी. स्ट्रिक्ट टेबल निदान तिथल्या तिथे नाही म्हणतं.

एआयच्या टूल्सबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण बॅचमेटच्या यादीत ती असणारच. मी रोज वापरते, आणि तुम्हीही वापरा. पण वेगाचं आपलं आपल्याला वाटतं ते खरं धरू नका. जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं अनुभवी ओपन-सोर्स डेव्हलपरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, १६ जण, २४६ कामं. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के लवकर केलं असं वाटत होतं. हा निकाल सगळ्यांना सगळीकडे लागू होत नाही, ते लोक स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या कोडमध्ये काम करत होते. पण वाटणं आणि असणं यात इतकं अंतर पडू शकतं हे पुरेसं आहे.

मला एआयचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो याच अपग्रेडच्या कामात. टेलनेटलिब कुठे कुठे आहे, सैल तुलना कुठे आहेत, हे शोधून यादी द्यायला सांगायचं आणि प्रत्येक जागा स्वतः बघायची. उत्तर ताडून बघायला जुनी बिलं हाताशी असतात, म्हणून तिथे ते सुरक्षित आहे. ज्याचं उत्तर ताडता येत नाही ते त्याला देत नाही. नव्या व्हर्जनबद्दल विचारलं तर ते कधी कधी जुनी पद्धत ठामपणे सांगतं, कधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेज सुचवतं. असं नाव नोंदवून त्यात घाण भरून ठेवणारे लोक आहेत, तेव्हा ओळखीचं नसलेलं पॅकेज तपासल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. आणि पार्टीचे जीएसटीआयएन, मोबाइल नंबर असलेला खरा डेटा त्यात चिकटवायचा नाही. त्यावर गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आपला नाही.

शिकण्याचं विचारलंत. एसक्यूएल ही डेटाबेसला विचारायची भाषा खोलात शिका, क्वेरी प्लॅन (डेटाबेस उत्तर कसं शोधणार त्याचा आराखडा) वाचता येईल इतकी. युनिकोड शिका, कारण सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही लिपी एकाच पार्टी लिस्टमध्ये येऊ शकतात. लिनक्सवर सर्व्हिस चालवणं, लॉग वाचणं, बॅकअप फिरवणं शिका. ही माहिती पुढच्या दहा वर्षांत फारशी बदलणार नाही, आणि यावर उभं राहून कुठलंही नवं फ्रेमवर्क काही आठवड्यांत हाती येतं. बॅचमेट वापरतात ते एखादं टूल आवडलं तर स्वतःच्या छोट्या कामावर करून बघा, गिऱ्हाइकाच्या कामावर नको.

तुमच्या चार गोष्टींचा क्रम मी असा लावीन. पहिल्यांदा आजच्या पोस्टग्रेसचा डंप घेऊन दुसऱ्या कुठल्याही मशीनवर रिस्टोअर करून बघा, कारण हे जमल्याशिवाय पुढचं काहीच सुरू करता येत नाही. मग उबुंटू २४.०४ चा नवा सर्व्हर जुन्याच्या शेजारी उभा करा, जुना आहे तसा चालू ठेवून. त्याच्यासोबत पीएचपी ८.३ आणि पोस्टग्रेस १६ येतात, पीएचपी ८.३ ला सुरक्षेचे पॅच डिसेंबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. सगळ्यात नवीन नाहीत, पण हे काम उरकायला भरपूर वेळ देतात. गेल्या महिन्याची बिलं दोन्हीकडे चालवा, बेरजा आणि जीएसटीआर-१ चे आकडे जुळेपर्यंत. जुळले की एकवीस ते पंचवीसमधली एक संध्याकाळ धरा. वजनकाट्याची स्क्रिप्ट शेवटी, आणि ती सर्व्हरवर हलवताना एक गोष्ट बघा: काही डबे एका वेळी एकच कनेक्शन घेतात, त्यामुळे विंडोज ७ वरची जुनी स्क्रिप्ट बंद केल्याशिवाय नवीला वजन मिळणार नाही. कामगारांची पाळी बदलते तेवढ्या वेळात हे होतं, सुपरवायझरला आधी सांगून ठेवा.